नाणेघाटचा रांजण आणि बोस्टनचा चहा

माझी उभी नोकरी महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून चिकटलो, अव्वल कारकून म्हणून सुटलो. त्यामुळे आपल्या बॅचमध्ये माझं नाव ‘वसुली’ असंच पडलेलं आहे. स्मरणिका समितीनं सांगितलं, “इतिहासावर काहीतरी लिही, पण शिवनेरीवर नको, त्यावर सात लेख आलेत.” तेव्हा मनात आलं, ज्यानं जन्मभर कर गोळा केला, त्यानं कर न देणाऱ्यांचा इतिहास लिहायला काय हरकत आहे? मांजरानं उंदरांचं चरित्र लिहिल्यासारखं होईल खरं; पण उंदरांचा इतका बारकाईनं अभ्यास दुसऱ्या कुणी केलेला असतो?

सुरुवात घरापासूनच करू. कर या विषयात जुन्नरइतकं जुनं घराणं शोधून सापडायचं नाही. घाटघरच्या पुढे नाणेघाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे, तो आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिला आहे. कल्याण बंदरावर उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला यायचा आणि घाट चढून आलेला व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. म्हणजे आज चाळकवाडीच्या टोलनाक्यावर जे चालतं, तेच दोन हजार वर्षांपूर्वी तिथं चालायचं. फरक एवढाच, की रांजणाला फास्टॅग नव्हता आणि ‘गाडी स्थानिक आहे’ म्हणून कुणी हुज्जत घातल्याची नोंद सापडत नाही.

रांजण सगळे बघतात, त्यात डोकावतात, फोटो काढतात. मागची लेणी मात्र घाईत राहून जाते. त्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कुठकुठले यज्ञ केले आणि त्यात किती गाई, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापणं दान दिली, याची ती लांबलचक यादी आहे. महसुली डोळ्यांना त्यात वेगळंच काही दिसतं. बाहेर जमेचा रांजण आणि आत भिंतीवर कोरलेला खर्च! वाटसरूनं पैसे टाकावेत, चार पावलं आत जाऊन ते गेले कुठं ते वाचावं. खर्च त्याला पटो न पटो, लपवलेला नव्हता. पुढच्या सगळ्या गोष्टी वाचताना ही जोडी लक्षात ठेवा. कारण जिथं जिथं लोक कराविरुद्ध उठले, तिथं तिथं या जोडीतलं काहीतरी हरवलेलं होतं.

आपल्या भागानं पुढे राजे पुष्कळ पाहिले आणि प्रत्येकानं सारा घेतला. मलिक अंबरनं निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला आणली होती. त्याची आठवण इथं तलवारीपेक्षा जमाबंदीसाठी अधिक राहिली. जमिनीचा कस पाहायचा, पीक पाहायचं, मग सारा ठरवायचा, अशी त्याची रीत. शेतकऱ्याला एवढंच हवं असतं: मागायला येणाऱ्यानं आधी शेताच्या बांधावर उभं राहावं.

साऱ्याच्या जोडीला किरकोळ पट्ट्या असायच्या. त्यांची नावं वाचून हसावं की रडावं कळत नाही. म्हैस बाळगली तर म्हैसपट्टी. लग्न केलं तर लग्नटका. विधवेनं पाट लावला तर पाटदाम. कारागीर असाल तर मोहतर्फा. घर आहे म्हणून घरपट्टी. हे वाचल्यावर आपल्या वर्गातला एक मित्र म्हणाला, “म्हणजे म्हैस घेऊन लग्न केलेल्या सुताराचं काही खरं नव्हतं.” तेव्हाही लोक कुरकुरत, अर्ज-विनंत्या करत. अगदीच असह्य झालं की गाव सोडून दुसऱ्या मुलखात जाऊन राहत. ओसाड गाव म्हणजे राजाचं नुकसान. म्हणून मग ‘कौल’ देऊन, सूट देऊन रयतेला परत बोलवावं लागे. तो त्या काळचा संप होता. फक्त घोषणा नव्हत्या.

आता जरा लांबचा पल्ला मारू. कराविरुद्धच्या बंडाचा विषय निघाला की जगात सगळे बोस्टनचं नाव घेतात. आपल्याला नववी-दहावीत सरांनी ‘बोस्टन टी पार्टी’ शिकवली होती आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना तो चहापानाचा कार्यक्रम वाटला होता. गोष्ट अशी. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात काही मंडळी तिथल्या मूळ रहिवाशांसारखी सोंगं करून जहाजांवर चढली आणि चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या. तो चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. हो, तीच कंपनी, जिनं पुढे पंचेचाळीस वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडवून पुणं घेतलं. म्हणजे बोस्टनवाले आणि आपण एकाच सावकाराची कुळं.

या गोष्टीतली खरी गंमत शाळेत राहून गेली होती. त्या वर्षीच्या कायद्यानं बोस्टनमधला चहा महाग झालाच नव्हता, उलट स्वस्त होणार होता. कंपनीला माल थेट विकायची सवलत मिळाली होती; पौंडामागं तीन पेन्सचा जुना कर भरूनसुद्धा तो चोरट्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता. चोरट्या चहावर ज्यांचे संसार चालत, त्या व्यापाऱ्यांच्या पोटात दुखलं हे खरं. पण त्यांच्यामागे सगळं गाव का उभं राहिलं? कारण ज्या पार्लमेंटनं कर लावला, तिथं त्यांचा एकही माणूस नव्हता. ‘स्वस्त देतोस ते ठीक, पण मला विचारलंस का?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे जेवायला न बोलावता नुसता डबा पाठवला तर पाहुणा जसा रागावतो, तशी ही तऱ्हा.

पुढचा भाग आणखी मजेदार आहे. कराच्या रागातून जन्मलेल्या या देशानं स्वतंत्र झाल्यावर काय केलं? १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर लावला! पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातले शेतकरी धान्याची व्हिस्की गाळून विकायचे. ते खवळले. वसुली अधिकाऱ्यांना त्यांनी पळवून लावलं. तेव्हा १७९४ मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे तेरा हजारांची फौज घेऊन निघाले. बंडवाल्यांनी घर गाठलं. काल कर बुडवणारा आज खुर्चीत बसला की पहिलं काम वसुलीचंच करतो, याचा याहून चांगला दाखला महसूल खात्याला मिळायचा नाही. प्रशिक्षणात शिकवायला हवा.

इकडे कंपनी पुण्यात आली आणि तिनं साखळी काढली. साखळी म्हणजे जमीन मोजायची. ती ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज आपल्या तालुक्यात भावाभावांची जी भांडणं गुंठ्यावरून होतात, त्यांचं माप त्या साखळीतून आलं आहे. पुणे जिल्ह्यात आधी प्रिंगल नावाच्या साहेबानं मोजणी करून सारा ठरवला. तो इतका जड झाला की इंदापूर भागात रानं पडीक पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून नवी आकारणी सुरू केली. दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. आधीपेक्षा ही सोय बरी होती. कागदोपत्री तरी.

हीच साखळी घेऊन साहेब खानदेशात गेले आणि तिथं बोस्टन झालं. १८५२ च्या डिसेंबरात सावदे, रावेर, यावल, चोपडे या भागातले हजारो शेतकरी मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती जमले. मागणी एकच: मोजणी बंद करा. साहेब सांगत होते की ही तुमच्या भल्याची आहे. शेतकऱ्यांच्या मनात एवढंच होतं, की आजवर ज्यानं ज्यानं माझी जमीन मोजली, त्यानं त्यानं सारा वाढवला. एरंडोलकडेही लोण पोचलं. शेवटी फौज आणून फैजपूर, सावदे, एरंडोल इथल्या पुढाऱ्यांना पकडलं आणि मोजणी पुढे चालू झाली. बोस्टनच्या चहावर शेकडो पुस्तकं आहेत. सावद्याच्या तंबूंची गोष्ट जळगाव जिल्ह्यातसुद्धा फारशी कुणाला माहीत नसते. आपण समुद्रात काही ओतलं नाही, हाच काय तो दोष.

मोजणीला तलाठी म्हणून मीही पुष्कळदा उभा राहिलो आहे. साखळीची जागा फितीनं घेतली, फितीची यंत्रानं. पण मोजणीवाला शेतात शिरला की म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत जो संशय येतो, तो १८५२ चाच असतो. पूर्वी मला त्या संशयाची चीड यायची. इतिहास वाचल्यावर तो अडाणीपणा नसून अनुभव आहे, हे कळलं.

आता घोडेगावकरांनी सरसावून बसावं. खानदेशाच्या आधी तेरा वर्षं, १८३९ मध्ये, आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात कोळ्यांचं बंड उठलं. भाऊ खरे, चिमणाजी जाधव, नाना दरबारे ही त्यातली पुढारी मंडळी. पेशव्यांचं राज्य परत आणायचं असं ते सांगत. बंडवाल्यांनी चाल कुठं केली? घोड्याच्या सरकारी ठाण्यावर, जिथं महालकरी आणि खजिना होता. रात्रभर झुंज झाली, पण खजिना हाती लागला नाही. पुढे धरपकड, खटले, फाशी, सगळं झालं. याला कराविरुद्धचं आंदोलन म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण संतापलेल्या माणसाचे पाय वसुलीच्या पेटीकडेच वळतात, एवढं नक्की. पुढे त्याच घोडेगावात आंबेगाव तालुक्याची कचेरी आली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेरी मात्र कोरडी राहिली. सरकारी पेटीचं नशीब बलवत्तर असतं.

यानंतरच्या गोष्टीत अमेरिका पुन्हा डोकावते, तीही आपल्या साऱ्यात. १८६१ ते १८६५ तिथं यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. त्या लाटेत दख्खनमध्ये सगळ्याचेच भाव चढले. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. नेमकी त्याच सुमारास इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ पासून चढे भाव धरून नवा सारा बसवायला सुरुवात झाली. तोवर अमेरिकेतलं युद्ध संपलं होतं. भाव कोसळले, सारा मात्र वर गेला तो वरच राहिला. हप्ता रोख, तारीख ठरलेली. पीक विकून पैसे येण्याआधी हप्ता दारात उभा. मग शेतकरी सावकाराकडे जाई, अंगठा देई. सरकारचा सारा भरला जाई आणि राग सावकाराच्या वाट्याला येई. वसुलीची यापेक्षा सोयीची पद्धत मी पाहिलेली नाही: पैसे एकाला, शिव्या दुसऱ्याला.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारच्या दिवशी तो राग फुटला. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत लोकांनी सावकारांच्या दारात जाऊन कर्जरोखे मागितले आणि त्यांची होळी केली. बहुतेक ठिकाणी माणसांना हात लावला नाही, कागद तेवढे जाळले. आपल्या डोंगरी भागात प्रकार वेगळा होता. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे होनाजी केंगले १८७३ पासूनच सावकारांविरुद्ध उठले होते. सरकारदफ्तरी त्यांचं नाव ‘होन्या’ असं उर्मटपणे लिहिलेलं आहे. त्यांच्या माणसांनी काही सावकारांची नाकं कापली, म्हणून भल्याभल्यांनी गाव सोडून शहर गाठलं. १८७६ मध्ये ते पकडले गेले. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. हे सगळं झालं, पण शेतकऱ्याचा मूळ प्रश्न साधा होता: पीक बघून हप्ता का मागत नाही?

कर फक्त सरकारच घेतं असं नाही. ओतूरच्या मंडळींना पुढची गोष्ट घरची आहे. १८८४ च्या सुमारास ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी गावच्या जोशाला न बोलावता घरचं लग्न लावलं. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक विचार तेव्हा ओतुरात चांगलाच रुजला होता. जोशांचं म्हणणं, बोलावलं नाही तरी दक्षिणेचा हक्क आमचाच. प्रकरण कोर्टात गेलं आणि फुल्यांनी पाटलांच्या मागे जोर लावला. कोर्टातले मुद्दे वकिलांना लखलाभ. माझ्या दृष्टीनं हा करशास्त्रातला एक सुंदर प्रश्न आहे. ज्यानं सेवा घेतलीच नाही, त्यानं पैसे का द्यायचे? रस्ता पुरा व्हायच्या आत टोलनाका सुरू झाला की माणसं हाच प्रश्न विचारतात. फक्त मंगलाष्टकांच्या जागी डांबर असतं. फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतसारा, लोकलफंड, जकात, मीठ यांच्या नावानं शेतकऱ्याच्या खिशात किती हात जातात, याचा लेखाजोखा आहे. जुन्नर तालुक्यातली माणसं त्यांना किती जवळची होती, हे लक्षात घेतलं की त्या पुस्तकातला शेतकरी ओळखीचा वाटू लागतो.

मग १८९६ चा दुष्काळ आला. टिळकांनी या वेळी जे केलं ते मला आमच्या खात्याच्या दृष्टीनं सर्वांत धोकादायक वाटतं. त्यांनी सरकारचाच नियम काढला! दुष्काळाच्या संहितेत पीक बुडालं तर सारा माफ किंवा तहकूब करावा, असं सरकारनं स्वतःच लिहून ठेवलं होतं. ‘केसरी’नं आणि पुणे सार्वजनिक सभेच्या माणसांनी तो नियम मराठीत समजावून गावोगाव नेला. सांगणं एवढंच: सारा द्यायची ऐपत असेल तर द्या, नसेल तर भांडी विकून, कर्ज काढून देऊ नका, नियमाप्रमाणे सूट मागा. दगड नाही, काठी नाही, मशाल नाही. सरकार इतकं चिडलं की १८९७ मध्ये त्यानं सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. माझ्या नोकरीत मला ओरडणाऱ्या माणसाची भीती कधी वाटली नाही. शांतपणे शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवणारा माणूस आला की मात्र साहेबांसकट सगळी कचेरी सरळ बसायची.

आता अलीकडची अमेरिका. मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावात राहते, म्हणून निवृत्तीनंतर तीन महिने तिकडे काढले. दुकानात वस्तूवर एक किंमत आणि गल्ल्यावर दुसरी, हे पहिल्या दिवशी कळलं. तिथं कर किंमतीत धरलेला नसतो, वरून लागतो. आपली सवय ‘सर्व करांसहित’ची. मी हिनं दिलेले मोजके सुटे पैसे घेऊन उभा आणि मागे ही मोठी रांग. पण विचार केल्यावर पटलं: प्रत्येक खरेदीला कर किती गेला ते डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून तिथला माणूस करावर जास्त चिडतो. आपल्याकडे कर साखरेसारखा विरघळलेला असतो.

२००९ मध्ये या लोकांनी पुन्हा ‘टी पार्टी’ काढली होती. १५ एप्रिल हा तिथं आयकर विवरण भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी गावोगाव माणसं तीनकोनी टोप्या घालून, टोप्यांना चहाच्या पुड्या लटकवून ‘कर फार झाले’ म्हणत रस्त्यावर आली. गंमत म्हणजे त्याच वर्षी सरकारच्या नव्या योजनेत बहुतेक नोकरदारांचा कर थोडा कमी झाला होता. म्हणजे १७७३ ला चहा स्वस्त होताना बंड, २००९ ला कर कमी होताना मोर्चा. त्याच उन्हाळ्यातल्या एका सभेत एका गृहस्थानं आपल्या लोकप्रतिनिधीला दटावलं, की सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावायचं काम नाही. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सरकारी योजना! हे वाचून मी मनसोक्त हसलो आणि मग थांबलो. ‘सरकारचा आमच्याशी काय संबंध?’ असं पारावर बसून म्हणणारे आणि पीक विम्याचे पैसे का आले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी कचेरीत येणारे, मी एकाच सदऱ्यात पाहिले आहेत.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये गाड्यांच्या नंबरपाट्यांवर चक्क तक्रार छापलेली असते: आम्ही कर देतो, पण आम्हाला प्रतिनिधित्व नाही. तिथल्या रहिवाशांना त्यांच्या संसदेत मताचा अधिकार असलेला खासदार नाही, म्हणून २००० सालापासून सरकारी पाटीवरच सरकारविरुद्ध ओळ. पण मला खरा हेवा वाटला तो मुलीच्या घरपट्टीच्या मोसमात. तिथं शाळेचा कर वेगळा दाखवतात आणि राज्यातल्या बहुतेक गावांत दर मे महिन्यात शाळेच्या अंदाजपत्रकावर मतदान होतं. शाळेला बँडपथक हवं का, नवी बस घ्यायची का, यावर शेजारीपाजारी कडाकडा भांडतात आणि मग हो किंवा नाही म्हणतात. भांडतात ते करावर, पण बोलतात ते शाळेबद्दल.

आपल्याकडे परत येऊ. गेल्या काही वर्षांत आपणही कमी भांडलो नाही. २०१३ मध्ये एलबीटी आली तेव्हा पुण्यासह राज्यातल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. २०१५ मध्ये बहुतेकांची तिच्यातून सुटका झाली. कोल्हापूरकरांनी तर शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, एन. डी. पाटलांसारखा म्हातारा वाघ पुढे राहिला आणि टोल गेला. आपल्या पट्ट्यातला घाव कांद्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदीच आली. त्या महिन्याच्या अखेरीस शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा निघाला. पुढे शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून उठलं. आपल्या वर्गातले ओतूर-आळेफाट्याकडचे बागायतदार मला नेहमी चिडवतात, “शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, तू बस भरत.” त्या वर्षी ते चिडवणं बंद होतं. निर्यात शुल्क व्यापारी भरतो, पावती त्याच्या नावानं फाटते. पण बाजार समितीत भाव पडला की भरणारा खरा कोण, हे चाळीत सडणारा कांदा सांगतो. विचारलं नाही, शेत पाहिलं नाही आणि पावतीवर नावसुद्धा नाही. बोस्टन, सावदे आणि सुपे एकाच गोणीत.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, वसुली, तू तर फितूर झालास. तसं नाही. नोकरीत मी उलट्या बाजूचंही पाहिलं आहे. शेतसारा आता इतका किरकोळ आहे, की पावती छापायला त्याहून जास्त खर्च येत असेल. तरी भर उन्हात चालत येऊन तीन-चार रुपयांचा सारा भरणाऱ्या आणि पावती पदराच्या गाठीत बांधून नेणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या. त्यांना कर भरायची हौस नव्हती. त्या कागदावर त्यांचं नाव होतं. भीमाशंकरच्या बाजूला तर याहून वेगळं पाहिलं. जंगलजमीन कसली म्हणून वनखात्यानं कधीकाळी आजोबाला दंड केला, त्या दंडाची पावती नातवानं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि आमचे आदिवासी बांधव त्या जीर्ण पावत्या पुरावा म्हणून घेऊन आले. ज्या कागदानं आजोबाला गुन्हेगार ठरवलं, त्याच कागदानं नातवाला जमिनीवर उभं केलं. त्या पावत्यांचे अक्षर लागत नसलेले तुकडे हातात धरताना मला पहिल्यांदा कळलं, की पावती म्हणजे पैसे मिळाल्याची नोंद तर खरीच, पण त्याआधी ‘हा माणूस इथं होता’ याची नोंद.

म्हणून शेवटी आपल्या शाळेचं बोलतो. शाळेच्या जुन्या खोल्या लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, हे आपल्या गुरुजनांनी अनेकदा सांगितलं आहे. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांनी धान्य दिलं, ज्यांच्याकडे धान्य नव्हतं त्यांनी दगड वाहिले. त्यात म्हैसपट्टी चुकवणारे होते, शेतसारा थकवणारे होते. माझ्याच वडिलांचा सारा दोन वर्षं थकलेला होता आणि त्याच काळात त्यांनी शाळेच्या पायात आठ दिवस काम केलं होतं. कुणी त्यांना कायदा दाखवला नव्हता. गुरुजी घरी आले होते, ओट्यावर बसले होते, “काय करायचं?” असं विचारलं होतं.

यंदा नव्या खोल्यांसाठी आपण निधी गोळा करायला लागलो, तेव्हा आपल्या ग्रुपवर एकानं लिहिलं, “आयकरावर चार टक्के शिक्षण-आरोग्याचा उपकर दर वर्षी कापून घेतात. मग शाळेसाठी पुन्हा आपण का द्यायचे?” त्याच्यावर सगळे तुटून पडले. माझ्या मते प्रश्न अगदी रास्त आहे आणि विचारणारा आपल्या शाळेचा खरा विद्यार्थी आहे. उपकर भरला म्हणून सरकारला जाब विचारायचा हक्क त्याला आहे. तो त्यानं सोडू नये, आपण कुणीच सोडू नये. फक्त त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत पाचवीतली पोरं गळक्या खोलीत बसणार आहेत, एवढं ध्यानात घेऊन ज्याला जमेल त्यानं द्यावं. ज्याला जमणार नाही त्यानं मनाला लावून घेऊ नये; आपल्या बापजाद्यांनी दगडही वाहिले आहेत.

आणि ज्यांनी दिले, त्यांनी एक काम जरूर करावं. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर जमाखर्च छापलेला आहे. समितीत हिशेबाचं काम माझ्याकडे आहे. फोटोंची पानं उलटून झाली की ते पान वाचा, बेरजा तपासा आणि काही जुळत नसेल तर मला फोन करून भांडा. वसुलीवाल्याला भांडणाची सवय असते.